तोरणानंतर काय? : मराठी ऐतिहासिक चित्रपटांतील एक मौन

परळला १९४२ मध्ये 'राजकमल कलामंदिर' उभारणाऱ्या व्ही. शांताराम यांनी त्यापूर्वी, १९३० मध्ये, कोल्हापूरच्या 'प्रभात'साठी शिवचरित्रावर मूकपट काढला होता. 'स्वराज्याचे तोरण' हे त्याचे मूळ नाव ब्रिटिश सेन्सॉरला खटकले आणि तो 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित झाला. सतराव्या शतकातील राज्यस्थापना पाहताना प्रेक्षक आपल्याच पारतंत्र्याचा विचार करणार, हे सेन्सॉरने नेमके ओळखले होते. उघड बोलणे अशक्य असताना स्वीकारलेले ते रूपक होते. १९४७ नंतर ती अडचण उरली नाही. तरीही आपला चित्रपट तोरणापाशीच का रेंगाळला?

स्वराज्य कसे उभे राहिले, हे मराठी पडद्याने पुनःपुन्हा सांगितले. १८१८ मध्ये मराठी राज्य कसे बुडाले, हे क्वचितच विचारले. कादंबरीने मात्र हा प्रश्न टाळला नाही. ना. सं. इनामदारांनी 'झेप'मध्ये त्र्यंबकजी डेंगळे यांना, तर 'मंत्रावेगळा'मध्ये दुसऱ्या बाजीरावांना केंद्रस्थानी आणले.

या संदर्भात आफ्रिकी चित्रपटांशी तुलना उद्बोधक ठरते. सेनेगलच्या उस्मान सेंबेन यांच्या 'सेद्दो'त (१९७७) गोरा व्यापारी कडेलाच राहतो. दिग्दर्शकाचा रोख आहे तो दरबारातील सत्तासंघर्षावर आणि बंदुकांसाठी माणसे विकणाऱ्या व्यवहारावर. स्वतंत्र सेनेगलमध्येच त्यावर बंदी आली. मेद होंदो यांचा 'सारौनिया' (१९८६) ही १८९९ च्या फ्रेंच मोहिमेशी झुंजणाऱ्या राणीची गाथा. पण फ्रेंचांच्या फौजेतील आफ्रिकी शिपाई तीत नजरेआड केलेले नाहीत.

आपल्याकडेही या वृत्तीचे बीज होते. 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'ने (१९४४) नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना जाब विचारणारा न्यायाधीश परकीय राजवटीतच पडद्यावर आणला. ते बीज पुढे फारसे रुजले नाही.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात कंपनीच्या बाजूने लढलेल्या एतद्देशीय शिपायांत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. ते का लढले, हा प्रश्न अखेर पेशवाईच्या समाजव्यवस्थेपाशी येऊन ठेपतो. लालबाग-परळच्या चित्रपटगृहांत शिवरायांच्या प्रवेशाला टाळ्या देणाऱ्या प्रेक्षकांत पेशवाईची आठवण परस्परविरोधी रीतींनी जपणारे समाज शेजारी-शेजारी बसत आले आहेत. उदयाची कथा त्यांना एकत्र आणते; अस्ताची कथा दुभंगवील, ही भीती या मौनामागे असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. परंतु गौरव आणि आत्मपरीक्षण यांत विरोध मानण्याचे कारण नाही. पदव्युत्तर वर्गात 'मंत्रावेगळा' शिकविताना पडद्यावरील हे मौनही अभ्यासविषय व्हावे.