घरची गाडी : नुसते पॅड बदलायचे, की डिस्कसुद्धा?

मैत्रिणींनो, मिक्सरची पाती आणि गॅसची नळी या वेळी जरा बाजूला ठेवू या. कराडच्या एका भगिनीचं पत्र आलंय, आणि त्याचं उत्तर गौरी-गणपतीच्या आत पोचायला हवं.

यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी. घरात सासूबाई आणि दोन मुलं. दाराशी सातजणांची उंच एसयूव्ही, ती या स्वतःच चालवतात. माहेर चिपळूणला, म्हणजे कुंभार्ली घाट उतरून जायचं, तेही भर पावसात. ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून चूंऽऽ असा आवाज येतो आणि स्टिअरिंग थरथरतं, म्हणून गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रीने कागदावर लिहून दिलं: पुढचे पॅड, पुढच्या दोन्ही डिस्क, मागचे लायनर. बेरीज पाहून बाईंच्या पोटात गोळाच आला. धाकटे दीर म्हणतात, ‘वहिनी, बाईमाणूस बघून टोपी घालतोय. नुसते पॅड टाका आणि चला.’ मिस्त्री म्हणतो, डिस्क बदलली नाही तर मी जबाबदार नाही. ‘ताई, मी कुणाचं ऐकू?’

मी त्यांना लिहिलं, अजून कुणाचंच ऐकू नका. आधी चाकं खोलायला लावा, समोर उभ्या राहा आणि मापं लिहून आणा. बाई हुशार. आठ दिवसांत मापं आली. ती सांगण्याआधी हा काय प्रकार आहे ते पाहू, म्हणजे तुम्हालाही गॅरेजात उभं राहून चार प्रश्न विचारता येतील.

चाकाच्या आत, चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड थाळी असते, ती डिस्क. काही दुकानदार तिला रोटर म्हणतात, वस्तू एकच. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. आपण पाय दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा हे दोन पॅड थाळीवर आवळतो. गाडीचा सगळा वेग तिथे उष्णता होऊन बाहेर पडतो. वेग दुप्पट असेल तर उष्णता चौपट! आणि सातजण बसवून, टपावर सामान बांधून अशी गाडी दोन टनांच्या पुढे जाते. ब्रेक मारताना भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या चाकांवर जास्त काम पडतं. बऱ्याच गाड्यांना मागे डिस्क नसून ड्रम असतो, त्यात लायनर असतात, आणि ते पुढच्या पॅडपेक्षा कितीतरी सावकाश झिजतात.

नव्या पॅडचा मसाला साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा, मग कुणी काही म्हणो. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जीभ ठेवलेली असते. मसाला संपत आला की ती डिस्कवर घासते आणि ओरडते. म्हणजे बाईंच्या गाडीचा तो चूंऽऽ आवाज दोष नसून निरोप होता. तो ऐकूनही गाडी चालवत राहिलं, तर पोलादी पट्टी थेट डिस्कवर घासते, खर्रर्र असा आवाज येतो, आणि पॅडबरोबर डिस्कही हमखास जाते. (पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळचा पहिला ब्रेक खरखरतो, तो मात्र वरवरच्या गंजाचा. दोन-चार ब्रेकांत जातो. त्यासाठी गॅरेजात धाव घेऊ नका.)

डिस्कचं माप डिस्कवरच लिहिलेलं असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कडेला किंवा मधल्या टोपीवर ‘मिन. टीएच.’ अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला असतो. थाळी याहून पातळ झाली की ती बाद. मोजताना एक खोच लक्षात ठेवा. पॅड जिथे लागत नाहीत तिथे, म्हणजे अगदी बाहेरच्या कडेला, कंगोरा उरतो. व्हर्नियरचे जबडे त्या कंगोऱ्यावर टेकले तर माप जास्त येतं. म्हणून मायक्रोमीटर लावून, पॅड फिरतात त्या पट्ट्यात, चार-सहा ठिकाणी मोजायला सांगा.

आता बाईंची मापं. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड ४ मिलिमीटर. डाव्या चाकाचा बाहेरचा ६ आणि आतला २! डिस्कवर कोरलेलं किमान माप २४. नवी असताना ती २६ होती. आज उजवी २४.६, डावी २४.३, आणि डावीवर बोट अडकेल अशा चऱ्या. मागचे लायनर निम्म्याहून जास्त शिल्लक.

पाहा बरं यातून काय निघतं ते. लायनर बदलायची काहीएक गरज नाही, ती ओळ कागदावरून काढून टाका. एवढ्यापुरते भावोजी खरे. डिस्कही कागदोपत्री बाद झालेली नाही. पृष्ठभाग गुळगुळीत असता आणि गाडी गावातल्या गावात फिरणार असती, तर मीच म्हटलं असतं, असू दे आणखी काही महिने. पण इथे चऱ्या आहेत. त्या लेथवर काढायच्या तर थाळी २४ च्या खाली जाणार. तशीच ठेवून नवे पॅड घातले, तर ते नीट बसणार नाहीत आणि स्टिअरिंगची थरथर जायची नाही. शिवाय पातळ थाळी उष्णता कमी पोटात घेते, लवकर तापते. आणि बाई उतरणार आहेत कुंभार्ली. तेव्हा डिस्क बदला, दोन्ही. एकाच बाजूची बदलली तर ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढू शकते. पॅडचंही तसंच, पुढचे चारही एकदम. मिस्त्री इथे खरा.

पण मिस्त्रीने एक गोष्ट कागदावर लिहिलीच नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. एकाच चाकाचा आतला पॅड २ आणि बाहेरचा ६ का? कारण कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या बहुधा गंजून अडकल्यात. त्या साफ करून, उष्णता सोसणारं ग्रीस लावून मोकळ्या केल्या नाहीत, तर नवे पॅडही असेच एका अंगाने खाल्ले जातील. दट्ट्या अडकला नाही ना, रबरी टोप्या फाटल्या नाहीत ना, हेही पाहायला लावा. हे काम स्वस्त आहे, म्हणूनच ते सांगायचं राहून जातं.

आता खरेदी. नुसतं गाडीचं नाव सांगून दुकानातून डबा आणू नका. एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे डिस्कचा आकार बदलतो. आरसी कार्डावर १७ अक्षरांचा चॅसिस नंबर असतो, तो दाखवून पार्ट नंबर काढून घ्या आणि डब्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-साल आणि छापील किंमत हवीच. साडीचं सूत पाहतो तसा डबाही निरखून पाहा. छपाई अंधूक, स्पेलिंग चुकलेलं, सील उघडून परत चिकटवलेलं, तर बाजूला ठेवा.

गाडीच्या कंपनीचाच माल हवा असं मी म्हणणार नाही. गाडी कंपन्यांना ब्रेकचे भाग पुरवणारे कारखाने स्वतःच्या नावानेही माल विकतात, आणि तो काही वेळा स्वस्त पडतो. घेताना गाडीला मुळात ज्या जातीचे पॅड होते त्याच जातीचे घ्या. बिनधातूचे पॅड शांत असतात, डिस्कला कमी खातात, पण फार तापले की लवकर हार मानतात. धातूचा कीस घातलेले उष्णता जास्त सोसतात, पण आवाज आणि काळी पूड जास्त. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ, पण महाग. काही पॅडच्या कडेला ‘एफएफ’ किंवा ‘एफई’ अशी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर गार असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’पेक्षा ‘एफ’ची पकड जास्त, त्याहून ‘जी’ची. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तो पॅड घाटासाठी नको. आणि ती भोकं पाडलेली, रेघा मारलेली डिस्क? दिसायला झोकदार, पण घरच्या गाडीला तिची गरज नाही. फार तापली तर त्या भोकांपाशीच तडे जाऊ शकतात. साधी, मधून हवा खेळणारी, कंपनीने दिली होती तशीच घ्या.

पॅडवर पैसे वाचवू नका हे मी पुस्तकातून सांगत नाही. एकदा आम्हीही ‘कंपनीसारखाच आहे’ म्हणून बिननावाचा डबा घेतला होता. आंबा घाट उतरताना, साखरप्याच्या अलीकडे, जळका वास यायला लागला. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी काही थांबेना. ह्यांनी गिअर खाली खाली आणत कशीबशी कडेला घेतली. मागे मुलं गाण्याच्या भेंड्या खेळत होती. त्यांना काही कळलं नाही तेच बरं झालं.

असं घट्ट पेडल म्हणजे पॅड तापून निसटले. उलट पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं, तर बहुधा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. हे तेल हवेतला ओलावा पितं. नव्या डॉट ४ तेलाचा उकळबिंदू निदान २३० अंश असावा लागतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंतही उतरू शकतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तकात असेल त्याप्रमाणे, ते बदलायचं. बाईंनी शेवटचं कधी बदललं ते आठवत नाही असं लिहिलंय, म्हणजे या खेपेला बदलाच. लायनरचे पैसे वाचलेत, त्यातून होईल.

काम चालू असताना पुढचं पाहा. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. डिस्क जिथे बसते ती जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ करायची. तिथे गंजाची पापडी राहिली की नवी डिस्कही थरथरते, आणि दोष मालाला दिला जातो. पॅडच्या तोंडाला ग्रीसचा हात लागता कामा नये. काळी पूड हवेच्या झोताने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा, आणि मुलांना जवळ उभं करू नका. मागेही डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल, तर मागचे पॅड बदलण्याआधी स्कॅनर लावावा लागतो. तो नसलेल्या गॅरेजात ते काम देऊ नका.

आणि हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी नको, किमान आठ-दहा दिवस आधी उरका. किल्ली हातात आली की गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट झालं का पाहा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायचे नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून सावकाश वेग कमी करायचा, मध्ये गार होऊ द्यायचं, पुन्हा तसंच. पॅड आणि डिस्कची एकमेकांशी ओळख व्हायला एवढा वेळ लागतो. घाटात मात्र ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा, पाय सतत ब्रेकवर ठेवू नका.

जुने पॅड आणि डिस्क मिस्त्रीकडून मागून घ्या, पैसे आपण भरलेत. तो २ मिलिमीटरचा पॅड कागदात गुंडाळून घरी न्या आणि भावोजींच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा.