जावई, सासरे आणि अहवाल

गेल्या रविवारी एका निवृत्त प्राध्यापकांच्या सत्कारात प्रमुख पाहुण्यांनी अमेरिकन बाप्टिस्ट उपदेशक जॉन ब्रॉडस यांची तीच गोष्ट पुन्हा ऐकवली. यादवी युद्धात होरपळलेलं दक्षिण कॅरोलिनातलं ग्रीनव्हिल, 1865 साली कशीबशी पुन्हा उघडलेली बाप्टिस्ट सेमिनरी, सगळे मिळून सात विद्यार्थी. उपदेशकलेच्या वर्गात तर एकच, तोही अंध. ब्रॉडस त्या एकासाठी पूर्ण तयारीनिशी व्याख्यानं देत. त्यांतूनच 1870 चा उपदेशकलेवरचा तो ग्रंथ झाला, जो पुढे पिढ्यानपिढ्या होतकरू पाळकांनी अभ्यासला. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी ग्रंथ उघडून पाहिला नसावा, अशी माझी दाट शंका. गोष्ट मात्र खरी आहे. राग आहे तो ती तिथेच थांबवण्याचा.

मला गौरवग्रंथांचं वावडं आहे, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ब्रॉडस यांचं पत्रांसह मोठं चरित्र 1901 साली ए. टी. रॉबर्टसन यांनी लिहिलं. रॉबर्टसन त्यांचे विद्यार्थी, त्याच सेमिनरीतले प्राध्यापक आणि वर जावई! शार्लट्सव्हिलचे पाळक, जनरल ली यांच्या फौजेपुढे उपदेश करणारे, येलला व्याख्यानं देणारे, अखेरीस सेमिनरीचे अध्यक्ष, असा सगळा प्रवास जावयाने मेहनतीने मांडला. पण सासऱ्यांचा हिशेब मागायला जावई थोडाच बसतो?

आता शेजारी दुसरा कागद ठेवा. डिसेंबर 2018 मध्ये सेमिनरीने स्वतःच्या इतिहासाचा सत्तरेक पानांचा अहवाल काढला. बॉइस, ब्रॉडस, मॅनली, विल्यम्स हे चारही संस्थापक गुलाममालक. चौघांच्या मालकीची मिळून 50 हून अधिक माणसं. संस्था लुईव्हिलला गेल्यावर पैशावाचून बुडायला आली, तेव्हा 1880 मध्ये जॉर्जियाच्या जोसेफ ब्राउन यांच्या 50,000 डॉलरनी तिला तारलं. ती कमाई कोळशाच्या खाणीत भाड्याने जुंपलेल्या कैद्यांच्या जिवावरची.

या अहवालाने तो वर्ग खोटा पडत नाही. एका अंध पोरासाठी जीव ओतणारा मास्तर आणि माणसं मालकीची ठेवणारा गृहस्थ, दोघे एकच. प्रश्न आहे तो हाच, आणि नुसत्या टाळ्यांच्या गोष्टीत तो उभाच राहत नाही.

कुणी म्हणेल, जावयाच्या चरित्रानंतर 117 वर्षांनी, सगळे सासरे निवर्तल्यावर खरं बोलायला काय जातं? बरोबर. पण हा अहवालही बाहेरच्या कुणी लिहिलेला नाही. सेमिनरीच्याच आजी-माजी प्राध्यापकांनी लिहिलाय. म्हणजे घरच्या माणसालाही लिहिता येतं, लिहायचं असेल तर. आपल्याकडच्या शताब्दी स्मरणिकांच्या संपादक मंडळांनी 'घरचं कार्य आहे हो' ही सबब आता सोडावी. निदान जाहिरातींच्या पानांआधी दोन पानं हिशेबाची असू द्या.