बंद शाळेने मोजून दिलेला तांदूळ

महासाथीत शाळांनी काय केले, असा विषय निघाला की बोलणे लगेच मोबाइलवरच्या वर्गांकडे वळते. नागपूर जिल्ह्याच्या काटोल तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांबद्दल बोलायचे असेल, तर सुरुवात तांदळापासून करायला हवी. मार्च २०२० मध्ये काटोल-नरखेडच्या बागांत मृग बहाराची संत्री झाडावर होती आणि बाजार थांबला होता. तोडणीची मजुरी, गाडी भरण्याची हमाली, संत्र्याची छाटणी करून पेट्या भरणाऱ्या बायांचा रोज, सगळेच एका आठवड्यात बुडाले. त्याच महिन्याच्या मध्यावर शाळा बंद झाल्या होत्या. २० मार्चला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. ज्या घरात मजुरी बुडाली, त्याच घरातल्या लेकराची दुपारची खिचडीही बंद झाली. त्या दिवसांत शिक्षकाला रस्त्यात गाठून विचारला जाणारा प्रश्न होता, "सर, पोट्ट्याहीचे तांदूळ कधी भेटते?" अभ्यासाचे विचारणे त्यानंतरचे होते आणि ते तसेच असायला हवे होते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्चलाच स्वतःहून दखल घेऊन राज्यांना विचारले होते, की शाळा बंद असताना मुलांचे जेवण त्यांच्यापर्यंत कसे पोहोचवणार? महाराष्ट्राने शाळेत शिल्लक असलेले तांदूळ, डाळी आणि कडधान्य पालकांना वाटून टाकायला सांगितले. पुढे शाळेच्या दिवसांचा हिशेब करून कोरडा शिधा देणे सुरू राहिले. मुख्याध्यापकांनी वर्गखोलीच्या दारात टेबल लावले, त्यावर काटा ठेवला आणि अंगणात चुन्याचे गोल आखले. इयत्तेप्रमाणे दिवस ठरवून पालकांना बोलावले. आई किंवा आजी थैली घेऊन यायची, हजेरीपटावरचे नाव सांगायची, मोजलेला तांदूळ ओतून घ्यायची आणि रजिस्टरवर सही किंवा अंगठा करून निघायची. वजन करणारे हात एरवी फळ्यावर लिहिणारे होते.

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजचे १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, असे शालेय पोषण आहार योजनेचे प्रमाण आहे. घरात दुसरी-चौथीतली दोन आणि सहावीतले एक लेकरू असेल, तर पंचवीस दिवसांचा तांदूळ होतो पावणेनऊ किलो. डाळ-हरभरा वेगळा. पोट भरलेल्या माणसाला हा आकडा लहान वाटेल. रोज बंद झालेल्या घरात तेवढ्यावर कित्येक दिवस चूल पेटते. रेशनचे धान्यही त्या काळात वाढवून मिळाले, हे खरे. पण रेशनला कार्ड लागते. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडून कामाला येऊन बागेतच राहणाऱ्या कुटुंबाचे कार्ड गावाकडे असते, कुणाचे नाव कार्डातून कटलेले असते, कुणाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. शाळेच्या तांदळाला एकच गोष्ट लागत होती: लेकराचे नाव पटावर असणे. इतकी साधी पात्रता असलेली दुसरी सरकारी योजना गावात शोधूनही सापडत नाही, आणि म्हणूनच ती ज्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत पोहोचली.

या योजनेचा इतिहासही इथे आठवावा लागतो. १९९५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जात होता. शिजवलेले ताजे अन्न द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २००१ चा. त्यानंतर शाळेत चूल आली आणि सगळी लेकरे जात-पात बाजूला ठेवून एका पंगतीत बसू लागली. महासाथीने आपल्याला पुन्हा कोरड्या तांदळावर आणले. तांदूळ घरी गेला की तो साऱ्या घराचा होतो. लेकराच्या वाट्याला किती येतो, ते त्या घरातल्या अडचणीवर ठरते. शाळेत शिजलेल्या खिचडीची ती बरोबरी नव्हतीच. तरीही तो तांदूळ वेळेवर गेला तिथे शाळेने घराला धरून ठेवले, असे मी ठामपणे म्हणेन.

मग २०२१ चा उन्हाळा आला आणि कुणाला तरी वाटले, की धान्याऐवजी पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकावेत. उन्हाळ्यातल्या ३५ दिवसांचे पहिली ते पाचवीला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीला २३४ रुपये. त्यासाठी प्रत्येक लेकराचे बँक खाते हवे. खेड्यातल्या बाईने एक दिवसाची मजुरी पाडायची, तालुक्याला भाडे खर्चून जायचे, कागदांच्या झेरॉक्स काढायच्या, रांगेत उभे राहायचे, खात्यात सुरुवातीची रक्कम भरायची, आणि हे सगळे दीडशे रुपयांसाठी! शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी तेव्हाच ओरड केली आणि ती रास्त होती. चालत जाण्याच्या अंतरावर काटा आणि रजिस्टर घेऊन बसलेली शाळा असताना मदत बँकेच्या दारी नेऊन ठेवण्यात कुठल्याच घराचे भले नव्हते. गैरव्यवहाराची भीती होती, तर शाळा व्यवस्थापन समितीला वजनाच्या वेळी समोर बसवता आले असते. त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, कायद्यानेच.

शिक्षणाचे काय झाले? सरकारने अभ्यासमाला पाठवल्या. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, ती पहिली ते आठवीसाठी होती आणि आई-बाबांना सोबत घेऊन शिकण्याची तिची कल्पना चांगली होती. पुढच्या वर्षी १ जुलैपासून सेतू अभ्यास आला. पण फोनवरच्या शाळेचे दुखणे फोन घरात आहे की नाही एवढ्यावर संपत नव्हते. मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या 'असर'च्या सप्टेंबर २०२० मधल्या पाहणीत ग्रामीण शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण दोन वर्षांत ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेलेले दिसले. म्हणजे फोन वाढले होते. तो फोन मात्र सकाळी बापाच्या खिशात वावरात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा तेव्हा त्यात ना चार्जिंग असायचे ना डेटा. घरात तीन लेकरे आणि एक फोन असेल, तर तो मोठ्याच्या हाती जायचा. पहिलीतली पोरगी बाजूला बसून राहायची. तिला अक्षर ओळखायला माणूस हवा होता.

तो माणूस जिथे गेला तिथे फरक पडला. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. २०२० मध्ये त्या उघडल्या नाहीत, पण बालभारतीची पुस्तके शिक्षकांनी पालकांच्या हाती, घरोघरी पोहोचवली. पुस्तक द्यायला गेलेला शिक्षक ओट्यावर टेकला, की त्याला घर दिसायचे. कोण आजारी आहे, कोणाचा बाप पुण्याहून चालत आला, कोणती मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन आता स्वयंपाकही करते आहे, कोणाच्या घरी सातवीतल्या पोरीच्या सोयरिकीची बोलणी चालली आहेत. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले, अक्षरे, पाढे, आकृत्या. ती वस्ती कामगारांची आहे आणि भिंतीला रिचार्ज लागत नाही. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. यातली कोणतीच गोष्ट वरून आलेल्या परिपत्रकात नव्हती. ज्याला आपल्या वस्तीतली घरे ठाऊक होती, त्यालाच ती सुचली.

याच शिक्षकांना त्या काळात तपासणी नाक्यांवर आणि रेशन दुकानांवर उभे केले गेले, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत सर्वेक्षणाला जुंपले गेले. गावोगावच्या शाळा बाहेरून परतलेल्यांच्या विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. संकटात हे करावे लागते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र नाक्यावर उभा राहिलेला शिक्षक त्या दिवशी आपल्या वर्गातल्या वीस घरी जाऊ शकत नाही, हा हिशेब कुणीतरी करायला हवा होता. वाहने मोजायला दुसरा माणूस मिळतो. वर्गातल्या वीस घरांची ओळख असलेला माणूस गावात एकच असतो.

आणि खिचडी शिजवणाऱ्या बायांचे नाव तर या सगळ्यात कुठेच आले नाही. तेव्हा महिना दीड हजार रुपयांच्या मानधनावर राबणाऱ्या या बाया बहुधा त्याच गावच्या, बहुधा विधवा किंवा अगदी गरीब घरच्या. शाळेची चूल थंडावली तेव्हा त्यांचीही चूल अडचणीत आली. पोते उचलायला, धान्य निवडायला, काट्याजवळ उभे राहायला त्या होत्याच. कोणते लेकरू दुसऱ्यांदा वाढून मागते, हे त्यांना मुख्याध्यापकापेक्षा जास्त ठाऊक असते, आणि दुसऱ्यांदा मागणाऱ्या लेकराच्या घरी सकाळी काय शिजले नव्हते, हेही.

दुसऱ्या लाटेने घरातली कर्ती माणसे नेली. दोन्ही पालक गमावलेल्या बालकाच्या नावे राज्याने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली, एकल झालेल्या महिलांसाठी 'मिशन वात्सल्य' आले. या महिलांना एकत्र आणून सरकारदरबारी पाठपुरावा करणाऱ्यांत हेरंब कुलकर्णी पुढे होते आणि ते तेव्हा शाळेत शिकवत होते, हा मला योगायोग वाटत नाही. बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला शाळेचा दाखला लागतो आणि कोणाचा बाप गेला हे शिक्षकाला अर्जाच्या आधी माहीत असते. ज्या गावी त्याने स्वतःहून अर्ज आणून भरून दिला, तिथल्या बाईचा एक हेलपाटा वाचला. ज्या गावी त्याने ते मनावर घेतले नाही, तिथे काय? हे काम शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडलेले होते, ही खरी उणीव. कौतुकाचे चार शब्द बोलून ती भरून निघत नाही.

वरच्या वर्गांना मधूनमधून दार उघडले, पण पहिली ते चौथीच्या ग्रामीण शाळा उघडायला राज्याने परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे वीस महिन्यांहून अधिक काळ, आणि जानेवारीत पुन्हा काही आठवडे कुलूप. त्याआधी बाजार, लग्नाचे हॉल, दारूची दुकाने सुरू झालेली होती. सगळ्यात धाकटी मुले सगळ्यात शेवटी शाळेत आली. 'असर'नुसार पाचवीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे ग्रामीण भारतातले प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते, २०२२ मध्ये ते ४२.८ वर उतरले. ज्या घरात पुस्तक समजावून देणारे कोणीच नव्हते, त्या घरातली मुले वाचता न येणाऱ्यांत जास्त असणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा राज्यात चौदा हजारांहून जास्त, आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार. तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. मोठ्या शाळेत खेळाचे मैदान, जास्त शिक्षक, जास्त सोबती मिळतात, हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. पण काटोल तालुक्याचा नकाशा पाहा. कोंढाळीच्या बाजूला टेकड्या आणि जंगल, मधे बागा, पंधरा-वीस उंबऱ्यांच्या वस्त्या. तिथली शाळा उचलून आठ किलोमीटरवर नेली, तर मुले बसने जातील असे गृहीत धरू. पुढची महासाथ आली आणि बस थांबली, तर वजनाचा काटा कुणाच्या दारात लागणार? पुस्तक घेऊन ओट्यावर कोण टेकणार? २०२० मध्ये सगळी वाहने बंद होती आणि तांदूळ तरीही घरी गेला, कारण शाळा पायी जाण्याच्या अंतरावर होती. प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम आपण मुलांच्या पायांचा विचार करून केला होता. टाळेबंदीत तो आईच्या पायांनाही उपयोगी पडला.

म्हणून समूह शाळेचा प्रत्येक प्रस्ताव तपासताना पटाच्या आकड्यासोबत आणखी एक रकाना असला पाहिजे: ही शाळा गेली तर संकटाच्या काळात या वस्तीतल्या घरांपर्यंत शिधा, पुस्तक आणि शिक्षक कोणत्या मार्गाने जाईल? ज्या प्रस्तावात तो रकाना कोरा असेल, तो परत पाठवावा. शाळा बंद ठेवण्याची वेळ पुन्हा आली तर शिधा धान्यातच मिळेल, स्वयंपाकी बायांचे मानधन चालू राहील, आपल्या वर्गाच्या घरांना भेट देणे हीच शिक्षकाची ड्यूटी मानली जाईल, हे आताच शासन निर्णयात लिहून ठेवावे. साथ पसरल्यावर घाईने काढलेले परिपत्रक बँक खात्यांकडे कसे वळते, ते आपण पाहिले आहे.

गावांनाही यात करण्यासारखे आहे आणि त्यासाठी मुंबईच्या कागदाची वाट पाहावी लागत नाही. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडल्या, की शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक होते. त्या बैठकीत पटावरच्या प्रत्येक लेकराचे घर, घरात कमावते कोण, फोन कोणाकडे असतो, कार्ड कुठल्या गावचे, अडचणीत कोणाला निरोप द्यायचा, याची वही तयार करता येईल. काटोलजवळच्या लहानशा शाळेत हे काम एका दुपारचे आहे, आणि खिचडी करणाऱ्या बाईला त्या बैठकीत बसवले तर त्याहूनही कमी वेळाचे.