हार्नेस ओढण्यासाठी की आवरण्यासाठी?

सकाळी साडेसहाची वेळ. सोसायटीच्या फाटकातून पस्तीस किलोचा जर्मन शेफर्ड बाहेर पडतो आणि समोरच्या चहाच्या टपरीपाशी झोपलेली भटकी कुत्री उठून उभी राहतात. पुढचे सगळे पुण्या-मुंबईत मोठा कुत्रा पाळणाऱ्यांना पाठ असते. कुत्रा मागच्या पायांवर उभा राहून भुंकतो, पट्टा घशात रुततो, भुंकण्याचा खोकला होतो आणि दोर धरलेला माणूस चार पावले फरफटत जातो. मग कोणीतरी सांगतो, 'चोक चेन घाला, दोन झटके दिले की सरळ होईल.' दुसरा म्हणतो, 'हार्नेस घ्या, ओढणे बंद होईल.' पहिला सल्ला घातक आहे. दुसरा अर्धवट आहे, पण 'नो-पुल' असे लेबल लावून विकला जातो तो हाच.

गळपट्ट्याबद्दल फारशी शंका उरलेली नाही. कुत्र्याच्या मानेत श्वासनलिका, थायरॉइड ग्रंथी आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाटीने असतात. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये मानेच्या प्रतिकृतीवर निरनिराळे गळपट्टे चढवून, ओढ दिल्यावर पडणारा दाब मोजला. रुंद आणि गादीचे पट्टेही त्यात होते. जोरात ओढणाऱ्या कुत्र्याला इजेपासून वाचवेल इतका कमी दाब एकाही पट्ट्याने दिला नाही. त्याआधी 2006 च्या एका अभ्यासात गळपट्ट्याला ओढ बसली की डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसमध्ये तसा वाढत नाही, असे आढळले होते. काचबिंदू असलेल्या कुत्र्यासाठी ही बाब क्षुल्लक नाही.

मात्र मानेच्या इजेहून मोठे नुकसान दिसत नाही. समोर दुसरा कुत्रा, स्कूटर किंवा पार्सल घेऊन येणारा मुलगा दिसताच ज्याचा तोल सुटतो, त्या 'रिअॅक्टिव्ह' कुत्र्याच्या मुळाशी बहुतेकदा भीती असते, नाहीतर जवळ जाता न आल्याची चडफड. मोकळा कुत्रा घाबरला तर वळून निघून जातो. दोरीने बांधलेल्याला ती सोय नसते. अशा वेळी दरवेळी गळा आवळला गेला तर कुत्रा त्यातून एकच हिशेब मांडतो: दुसरा कुत्रा दिसला की गळ्याला त्रास होतो. पुढच्या खेपेला तो आणखी लांबून भुंकू लागतो. काट्यांचा पट्टा किंवा चोक चेन वापरून 'सुधारलेला' कुत्रा काही दिवस गप्प राहतोही. पण ते गप्प राहणे म्हणजे शांत होणे नव्हे. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने 2021 मध्ये बक्षीस देऊन शिकवण्याच्या पद्धतीच वापराव्यात, असे स्पष्ट म्हटले ते यामुळेच.

म्हणजे हार्नेस हवाच. पण कोणता, हे ठरवताना बैलगाडीकडे पाहावे. गाडी ओढण्याचे काम जू करते. बैलाला वळवण्याचे, थांबवण्याचे काम कासरा करतो. जोर जिथे लागतो त्या खांद्याची काळजी शेतकरी घेतो, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो. ज्या हार्नेसची कडी पाठीवर असते, तो कुत्र्यासाठी जूच असतो. भार छातीवर पसरतो, कुठे टोचत नाही, त्यामुळे ओढणे सोपे होते. बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेस घालतात तो याच गुणामुळे. ऑस्ट्रेलियात निवाऱ्यातील कुत्र्यांवर झालेल्या 2021 च्या अभ्यासातही खाण्याच्या आमिषाकडे जाणारे कुत्रे गळपट्ट्यापेक्षा हार्नेसमध्ये अधिक जोराने आणि सलग ओढताना दिसले. 'हार्नेस आणला आणि उलट जास्तच ओढायला लागला' ही तक्रार त्यामुळे खोटी नसते. चूक कुत्र्याची नाही, कडीच्या जागेची आहे.

ताकदवान कुत्र्यासाठी छातीवर, पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस घ्यावा. कुत्र्याने मुसंडी मारली की ओढ समोरून बसते आणि त्याचे अंग मालकाच्या बाजूला वळते. त्याचा जोर त्याच्याच अंगाला फिरवण्यात खर्च होतो. पाठीवरही दुसरी कडी असेल आणि दोन्ही टोकांना हूक असलेला दोर मिळाला तर उत्तम: एक हूक पुढे, एक मागे, कासऱ्यासारखे. काखेत आवळणारे 'नो-पुल' पट्टे मात्र टाळावेत. ते चिमटा काढूनच थांबवतात, म्हणजे चोक चेनचा त्रास गळ्यातून काखेत नेतात. तोंडावर चढवायच्या हॉल्टरने मोठा कुत्रा वळवता येतो खरा, पण एकदम झेपावणाऱ्याच्या मानेला त्यात हिसका बसतो.

छातीवरून आडवा जाणारा पट्टा खांद्याच्या हालचालीआड येतो म्हणून वाय आकाराचा घ्यावा, असे विक्रेते सांगतात. सर्वसाधारणपणे ते तर्काला धरून आहे. पण मोजक्या कुत्र्यांवर झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, न अडवणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या हार्नेसनेच खांद्याची हालचाल अधिक कमी केल्याचे दिसले. तेव्हा लेबल वाचण्यापेक्षा हार्नेस घालून कुत्र्याला चालवावे आणि पाऊल आखूड पडते का ते बघावे.

घाबरलेला कुत्रा नेहमी पुढेच झेपावतो असे नाही. कित्येकदा तो मालकाकडे तोंड करून मागे सरकतो आणि हार्नेस डोक्यावरून सुटून येतो. खोल छाती, बारीक कंबर आणि निमुळते डोके असलेल्या आपल्याकडच्या कारवानीसारख्या कुत्र्यांत हा धोका जास्त. त्यांच्यासाठी बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्यावा, आणि हार्नेस व गळपट्टा जोडणारा छोटा हूक लावावा. घरात, दार लावून, समोर उभे राहून दोर हलकेच आपल्याकडे ओढून पाहावा. तिथे निसटला तर रस्त्यावर निसटणारच. चावण्याची शक्यता असेल तर जाळीची मुसकी हवी, आणि तीही तोंड उघडून धापा टाकता येतील अशी. कापडी पट्टीने तोंड बांधले तर उन्हात कुत्र्याला अंग थंड करण्याचा मार्गच उरत नाही.

दोर धरणाऱ्याचेही हाडामांसाचे शरीर असते, हे या चर्चेत हमखास विसरले जाते. अमेरिकेत 65 वर्षांवरील व्यक्तींना दोरीने बांधलेला कुत्रा फिरवताना झालेल्या अस्थिभंगांचा अंदाजित आकडा 2004 मध्ये 1,671 होता, तो 2017 मध्ये 4,396 झाला. जखमींत बहुसंख्य महिला होत्या आणि सर्वाधिक प्रमाण खुब्याच्या हाडाचे होते. त्या वयात खुबा मोडणे म्हणजे पुष्कळदा स्वतंत्र चालणे संपणे. तिथल्याच दुसऱ्या पाहणीत सर्व वयाच्या प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळलेली इजा बोट मोडण्याची होती. दोर मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नये. आपोआप लांब होणारा दोर अशा कुत्र्यासाठी वापरूच नये. सुटलेल्या कुत्र्याला पळायला मिळालेले प्रत्येक फूट शेवटच्या हिसक्यात भर घालते. मुले परदेशी आणि कुत्रा आजी-आजोबांकडे, अशी घरे आता शहरोशहरी आहेत. तिथे हार्नेसचा रंग निवडण्याआधी, हा कुत्रा फिरवायचा कोणी, हे ठरायला हवे.

हार्नेस कुत्र्याला शिकवत नाही, फक्त शिकवायला सवड देतो. समोरचा कुत्रा दिसेल पण भुंकावेसे वाटणार नाही, इतक्या अंतरावर थांबून खाऊ देणे, आणि ते अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करणे, हे काम उरतेच. कुत्रा अचानक चिडचिडा झाला असेल तर आधी पशुवैद्याकडे न्यावे. कान दुखणारा किंवा सांधे धरलेला कुत्राही अंगावर येतो.

मापासाठी कुत्र्याला दुकानात सोबत न्यावे. तो बुजत असेल तर पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर टेपने मोजून जावे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, मूठ जाऊ नये. उन्हाळ्यात जाड गादीचा हार्नेस नको. पावसाळ्यात तो घरी येताच काढून वाळत घालावा, नाहीतर काखेत केस झडून कातडी लाल होते. आणि महिन्यातून एकदा शिवण व बकल तपासावे, विशेषतः छातीच्या कडीजवळची शिवण, कारण सगळा हिसका तीच सोसते.