गारा सातबारा बघून पडत नाहीत

गारपीट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? आडवा झालेला गहू, संत्र्याच्या झाडाखालचा सडा, बांधावर उभा शेतकरी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोण विसरेल? शेतकऱ्याचं नुकसान मोठं आणि हातात पडणारी मदत तुटपुंजी, यात वादच नाही. पण शहरातल्या गारपिटीचं काय?

मी नागपूरचा. मागे आमच्याकडे लिंबाएवढ्या गारा पडल्या. दहा मिनिटांचा खेळ. आम्ही स्लॅबच्या घरात. पोरं परातीत गारा गोळा करतायत, मी व्हिडिओ काढतोय. (हो, स्टेटसलाही टाकला.) त्याच वेळी मागच्या वस्तीत सिमेंटचे पत्रे फुटत होते. टिनाला निदान पोचा येतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्याला सरळ भोक पडतं. कवेलूचं तर विचारूच नका. त्यात नालीच्या जाळीवर गारा न् पालापाचोळा साचला आणि पाणी घरात. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत, तेव्हा कुठे मला कळलं. रेशनचा तांदूळ, गाद्या, पोरीची दहावीची पुस्तकं, सगळं भिजलेलं.

माझ्या कारच्या टपावरचे पोचे विम्यातून निघाले. मावशींचा पत्रा कशातून निघणार?

कागदावर सोय आहे. गारपीट ही केंद्राच्या यादीतली अधिकृत आपत्ती आहे. २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे घराची किमान १५ टक्के पडझड झाली, तर कच्च्या घराला ४,००० आणि पक्क्याला ६,५०० रुपये. आता एवढ्यात छप्पर होतं का, ते सोडा. खरी मेख पुढे आहे: घर अधिकृत बांधकाम असायला हवं! अहो, जिथे पत्रे फुटतात, तिथेच तर घराला कागद नसतो. मावशींसोबत मी गेलो होतो. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने विचारलं, "शेती किती?"

१४ एप्रिल १९९९ ला सिडनीत अशीच प्रचंड गारपीट झाली. विमा कंपन्यांवर सुमारे १.७ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा बोजा पडला. श्रीमंत शहर, तरी हजारो छपरं फुटली. पण तिथे स्वयंसेवक ताडपत्र्या घेऊन छपरांवर चढले. कागद नंतर.

आपल्या महापालिकेला एवढंही जमू नये? उन्हाळ्याआधी प्रत्येक झोनमध्ये ताडपत्र्यांचा साठा ठेवा. गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी वस्तीत पंचनामा करा, आणि राहत असल्याचा पुरावा म्हणून लाइट बिल चालू द्या. मतदार यादीत नाव घालताना चालतंच की!

तुमच्या वॉर्डात गारपिटीनंतर घरांचा पंचनामा झालेला कुणी पाहिलाय का? पाहिला असेल तर वॉर्ड आणि वर्ष खाली लिहा. निवेदन द्यायला जातोय, सोबत जोडतो.