अपराधी हवा, आजार नको

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्हां मराठी मंडळींची बैठक भरते. रेल्वेतले, बँकांतले, नोटांच्या छापखान्यातले, अन्नतंत्र संशोधन संस्थेतले असे पंधरावीस लोक, त्यांची कुटुंबे, कांदेपोहे आणि बदल्यांच्या गप्पा, असे तिचे स्वरूप असते. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूचे प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला, तेव्हा साहजिकच त्याचा विषय निघाला. आमच्यातील एका ज्येष्ठ लेखापरीक्षकांनी बशीतील शेवटचा घास संपवून दोन शब्दांत निकाल दिला, "दाबलं शेवटी." कोणीही प्रतिवाद केला नाही. ज्यांच्या हातून पावतीवाचून प्रवासभत्त्याचे बिल कधी पुढे सरकले नाही, त्यांना एका माणसाचा खून झाला हे मानावयास मात्र पुराव्याचा एकही कागद लागला नाही!

त्या दोन शब्दांनी आम्हांस हे लिहावयास लावले. लेखापरीक्षक महाशयांवर आमचा राग नाही, कारण त्यांनी जे उच्चारले तेच आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात होते.

१४ जून २०२० रोजी वांद्र्याच्या आपल्या घरी सुशांतसिंहाने जीव दिला. वय अवघे ३४. 'पवित्र रिश्ता' या मालिकेत त्याने चाळीत वाढलेला मानव देशमुख रंगविला होता. मालिका हिंदी होती, पण घर मराठी होते, आणि म्हणून परमुलखातील आमच्या घरांतल्या स्त्रियांना तो जन्माने बिहारी असूनही 'आपला मानव' वाटे. त्या दिवशी आमच्या घरांत जे अश्रू आले ते खरे होते. परंतु खरे अश्रू आठवडाभरच टिकले. त्यानंतर जे सुरू झाले त्याला शोक म्हणता येणार नाही, ती मृगया होती.

आधी मृतदेहाची छायाचित्रे हातोहात फिरली. ती पसरवू नयेत म्हणून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांना इशारा द्यावा लागला. मग सिनेसृष्टीतील घराणेशाहीने त्याला मारले असे ठरले. मग त्याच्या मैत्रिणीने मारले असे ठरले. रिया चक्रवर्ती ही बंगाली, आणि बंगालच्या बायका काळी जादू करतात, हे 'ज्ञान' एकविसाव्या शतकाच्या विसाव्या वर्षी सुशिक्षितांनी एकमेकांस पुरविले. आम्ही स्वतः परप्रांतात राहतो. आमच्यापैकी कोणाच्या हातून उद्या काही आगळीक झाली तर 'हे मराठे असेच' असे म्हैसूरकरांनी म्हटलेले आम्हांस चालेल काय? तरीही त्या वेळी आमच्या बैठकीत बंगाली जादूवर हसतहसत का होईना, चर्चा झालीच.

पुढे पाटण्यास गुन्हा नोंदला गेला. तेथून तपासासाठी आलेल्या पोलीस अधिकाऱ्यास मुंबईत साथीच्या नियमाखाली अलगीकरणात ठेवण्यात आले, आणि पाहतापाहता एका माणसाच्या मृत्यूचे रूपांतर महाराष्ट्र विरुद्ध बिहार या सामन्यात झाले. येथे आमची अस्मिता जागी झाली. मुंबई पोलिसांच्या कीर्तीसाठी आम्ही म्हैसुरात बसून हिरिरीने भांडलो. पण तो माणूस आजारी होता काय, त्यास कोणते उपचार चालू होते, हा प्रश्न दोन्ही पक्षांत कोणासच महत्त्वाचा वाटला नाही. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी ऑगस्टच्या आरंभी जाहीरपणे सांगितले की त्याच्यावर मनोविकाराचे उपचार चालू होते. लोकांनी ते ऐकले आणि 'ही सारवासारव आहे' असा शेरा मारून फाईल बंद केली. १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपविला. ८ सप्टेंबरला रियाला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. ऑक्टोबरच्या आरंभी दिल्लीच्या 'एम्स'मधील वैद्यकमंडळाने हा खून नव्हे असे सांगितल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्याच सुमारास, ७ ऑक्टोबरला, मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. महिनाभर ती भायखळ्याच्या तुरुंगात होती. पावणेपाच वर्षांनी सीबीआयचा अहवालही खुनाच्या बाजूने आला नाही. यापैकी कोणत्याही टप्प्यावर ज्यांनी तिला चेटकीण म्हटले त्यांनी चूक कबूल केल्याचे निदान आमच्या ऐकिवात नाही.

असे का व्हावे? आमचे उत्तर असे की आम्हांस अपराधी चालतो, आजार चालत नाही. अपराधी सापडला की आपण निर्दोष ठरतो. आजार म्हटला की तो आपल्याही घरी येऊ शकतो, कदाचित आलेलाही असतो. आपला शब्दही या कामी मदत करतो. 'आत्महत्या' म्हटले की त्यात 'हत्या' आली, आणि हत्या आली की हत्यारा हवाच. खेड्यातली निरक्षर बाई 'जीव दिला' म्हणते. तिच्या बोलण्यात आरोप नसतो.

याच्या उलट दुसरा एक पक्ष होता. तो खून मानीत नव्हता, पण त्याची भाषा अधिक निर्दय होती. 'एवढा पैसा, एवढी कीर्ती, आणि हा पळपुटा निघाला!' असे हा पक्ष म्हणे. या मंडळींना 'छिछोरे' या चित्रपटाचा मोठाच आधार सापडला. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या त्या चित्रपटात सुशांतसिंहाने अशा बापाची भूमिका केली होती, ज्याचा मुलगा प्रवेशपरीक्षेतील अपयशाने जीव द्यावयास निघतो आणि बाप त्याला परत जगण्याकडे आणतो. 'दुसऱ्यास उपदेश करणारा स्वतःच कसा हरला?' असा प्रश्न अनेकांनी मोठ्या चातुर्याने विचारला. हृदयरोगतज्ज्ञ हृदयविकाराने गेला तर त्याची कोणी अशी थट्टा करतो काय? नैराश्य हा आजार आहे. त्यात झोप तुटते, अन्न गोड लागत नाही, साध्या पत्राचे उत्तर लिहिणे डोंगर चढण्यासारखे होते, आणि आपण सर्वांस भार झालो आहोत असे रोग्यास वाटू लागते. हे वाटणे त्या आजाराचेच लक्षण असते, तापात बरळणे असते तसे. बहुतेकांस त्यावर उपचारांनी गुण येतो. औषधाचा परिणाम दिसावयास काही आठवडे लागतात, म्हणून तोवर सोबत लागते. या साऱ्यात धैर्य किंवा भित्रेपणा यांचा संबंध कोठे येतो?

शिवाय अशा मृत्यूस एकच एक कारण नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि त्यांत सर्वाधिक, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. प्रत्येकीपुढे 'कौटुंबिक प्रश्न', 'आजार' असे कारण लिहिलेले असते. रकाने भरण्यात हयात गेलेल्या आमच्या वाचकांस हे सांगावयास नको की रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून कारण लिहिले जाते.

वृत्तवाहिन्यांबद्दल फार लिहीत नाही. व्हिएन्ना शहरात १९८७ साली वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेवरील अशा मृत्यूंची भडक वर्णने थांबविली आणि ते मृत्यू झपाट्याने घटले, हे जगास ठाऊक आहे. आपल्या प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये याच आशयाची मार्गदर्शक सूत्रे स्वीकारली, आणि जेमतेम नऊ महिन्यांत त्यांचे काय झाले ते आपण पाहिले. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या समांतर खटल्यावर ताशेरे ओढले. परंतु वाहिनी तेच विकते जे घेतले जाते, आणि घेणाऱ्यांत आम्ही होतो.

वाचक म्हणतील, हा हिंदी सिनेमाचा आणि टीव्हीचा रोग, आपल्या मराठी संस्कारांत हे बसत नाही. तर मग साने गुरुजींकडे पाहू. ज्यांच्या 'श्यामच्या आई'ने पिढ्या रडविल्या, ज्यांनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणास लावले, त्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपविली. आम्हांस शाळेत एवढेच सांगितले गेले की देशाचे दुःख त्यांना सोसवले नाही. त्यांच्या मनात काय होते याचे निदान करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्यांचा शेवट आपण आत्मार्पणाच्या मखरात बसविला, आणि त्या मखराआड एक थकलेला, एकाकी, कदाचित आजारी माणूस होता हे पाहण्याचे टाळले, एवढे म्हणण्याचा अधिकार आम्ही घेतो. गुरुदत्त जन्माने बेंगळुरूचे, म्हणजे जुन्या म्हैसूर संस्थानातले. १० ऑक्टोबर १९६४ रोजी ते गेले. तो अपघात की आणखी काही, हा वाद आहेच. पण आपण त्यातून 'जगाला न कळलेला कलावंत' नावाचे एक काव्य रचून मोकळे झालो. संताचे बलिदान, कलावंताची शोकांतिका आणि नटाचा खून, ही आपली तीन उत्तरे. चौथे, म्हणजे वैद्याचे उत्तर, आम्ही विचारतच नाही.

आता आमचीच गोष्ट. ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतले एक अधिकारी बदलून येथे आले. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब गावी ठेवून ते सरकारी निवासात एकटे राहत. माणूस कामाचा, टिपणी लिहावी तर त्यांनीच. हळूहळू त्यांच्या टेबलावर फाईली साचू लागल्या. कुक्करहळ्ळी तळ्यावरचे सायंकाळचे फिरणे बंद झाले. मग दोन महिन्यांची रजा आली. दाखल्यावर कारण होते कंबरदुखी. दाखला खोटा होता आणि तो खोटा का लिहून घ्यावा लागला हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. गोपनीय अहवालात काय उतरेल या भीतीने कोणता अधिकारी खरे लिहून घेईल? पण औषधाच्या खर्चाच्या परताव्याचे बिल हिशेबशाखेत गेले, तेथे कोणीतरी गोळ्यांची नावे वाचली, आणि दोन दिवसांत कचेरीभर झाले. पुढल्या रविवारच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "आता येरवड्याला बदली मागा म्हणावं!" सगळे हसले. आम्हीही हसलो. ते अधिकारी त्या वेळी आतल्या खोलीत मुलांशी कॅरम खेळत होते, आणि दार उघडे होते.

ज्यांनी हा विनोद केला त्यांनी जून २०२० मध्ये सुशांतसिंहासाठी दारात पणती लावली होती.

म्हैसूर सरकारने बेंगळुरूच्या वेड्यांच्या इस्पितळाचे नाव १९२५ साली बदलून 'मेंटल हॉस्पिटल' केले; पुढे तेच इस्पितळ आजच्या निम्हान्समध्ये विलीन झाले. शंभर वर्षे झाली. ज्या मुलखाने हे नाव टाकले तेथे राहून आम्ही अजून येरवड्याचा विनोद करतो!

कायद्याने आपल्यापेक्षा अधिक मजल मारली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क देतो, आणि मानसिक आजारास विम्यात शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान द्यावयास सांगतो. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे तो गृहीत धरतो. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा दीर्घकालीन मानसिक आजारास यादीत धरतो, आणि नोकरीत असताना असे अपंगत्व आलेल्या सरकारी नोकरास काढता येणार नाही किंवा खालच्या पदावर लोटता येणार नाही असे बजावतो. आमच्या त्या सहकाऱ्यास यांतले काहीच कोणी सांगितले नाही. नियमपुस्तिका तोंडपाठ असलेले निदान सात अधिकारी त्या खोलीत होते. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, त्यावर रात्रंदिवस, मराठीतही, बोलता येते. तोही कोणी सांगितला नाही.

ते पुन्हा बैठकीस आले नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी गेले. मध्यंतरी त्यांचा फोन आला होता. उपचार चालू आहेत, झोप लागते, धाकटीचे गणित ते स्वतः घेतात. आम्ही त्या विनोदाची क्षमा मागावयास सुरुवात केली, तेव्हा त्यांनी विषय बदलून म्हैसुरात पाऊस झाला का, असे विचारले.

त्यांच्या जागी आता दुसरे अधिकारी आले आहेत. तेही मराठीच, कुटुंब साताऱ्यास ठेवून आलेले. येत्या दुसऱ्या रविवारी त्यांना बैठकीस बोलावले आहे.