पाळण्यापुरतीच लस कां?

बारसे, जावळ, मुंज यांपैकी कोणता संस्कार केव्हा व्हावयाचा हे आपल्या घरात पंचांग पाहून ठरते, आणि धरलेला मुहूर्त चुकू नये म्हणून वडीलधारी माणसे जिवाचा आटापिटा करतात. त्याच घरात मुलाच्या लसीचा दिवस टळला तर कुणाला खंतही वाटत नाही, ह्या विसंगतीला काय म्हणावे?

तान्ह्या मुलांविषयी माझी तक्रार नाही. पोलिओचे थेंब, गोवराची लस हे सारे आता बहुतेक माता निष्ठेने करतात. परंतु मूल पाच वर्षांचे होऊन शाळेत जाऊ लागले की लसीकरणाचे कार्ड पेटीच्या तळाशी जाते ते कायमचेच. सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांवरील लस सांगितलेली आहे आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. बालपणीच्या लसीचे बळ काळाने ओसरते, म्हणून ही योजना. किती पालकांना याची वार्ता आहे?

“आमच्या आजोबांना कुठे हे टोचले होते?” असा प्रश्न मोठ्या ऐटीने विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. ज्या रोगाला आपण ‘देवी’ म्हटले, त्यावरील उपायालाही ‘देवी काढणे’ हेच नाव दिले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली, आणि ८ मे १९८० रोजी तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने घोषित केले. शीतळादेवीला थंड नैवेद्य दाखविणाऱ्या हातांनीच पोरांचे दंड टोचणाऱ्यापुढे धरले. त्याने श्रद्धा उणावली नाही. मुले मात्र वाचली.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो मुलींवर. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाच्या खालोखाल आढळतो. तो बहुतेक सर्व वेळा एका विषाणूमुळे होतो आणि त्या विषाणूवर लस आहे. पुण्यात तयार झालेली देशी लसही २०२३ पासून मिळू लागली आहे. तिचे योग्य वय ९ ते १४. पण अग्रशाळेत बसलेल्या बायकांत हा विषय काढून पाहा. “पोर अजून लहान आहे, तिला हे आतापासून कशाला?” म्हणून पदर सावरला जातो. अहो, लहान आहे म्हणूनच! विषाणू एकदा शरीरात शिरला की ही लस त्याला हुसकावू शकत नाही. पूर येण्यापूर्वी बांध घालणे यात लाजिरवाणे काय आहे? आपल्या संकोचाची किंमत तिने चाळिशीत का मोजावी?

दोष केवळ पालकांचा नाही. ताप-खोकल्यासाठी दवाखान्यात आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला औषध लिहून देताना “बाळ, तुझी दहाव्या वर्षाची लस झाली का?” एवढे विचारायला डॉक्टरांना किती वेळ लागतो? टोचल्यावर दंड दुखेल, क्वचित ताप येईल, ह्या वयात एखाद्याला भोवळही येते, म्हणून पाव तास बसवून ठेवावे लागते. हे आधी नीट सांगितले तर भीती निम्मी होते. ॲलर्जी असल्यास ती पालकांनी लपवू नये.

२०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाच्या मोहिमेचा पहिला टप्पा सुरू झाला. गोवा आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये त्यात होती, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना शाळाशाळांतून लस दिली गेली. तेव्हा जे साधले ते आता का साधू नये? देवस्थानांच्या महाजनांना माझी प्रार्थना आहे की, जत्रेच्या पत्रिकेवर दोन ओळी लसीच्या वयाच्याही छापाव्यात. आणि ज्या घरी मुंजीची तयारी चालू आहे, तेथील यजमानांनी मुहूर्ताची चिठी हाती घेताना पेटीच्या तळाचे ते कार्डही वर काढावे. बटूला दीर्घायुष्याचा आशीर्वाद देणाऱ्यांनी त्या आयुष्याची तजवीज करू नये काय?